पंखा देणारे लई, लाइट बिल भरणारं कोणी नाही: सेफारिया वापरून आलेला अनुभव

आधीच सांगतो, मी ज्यू नाही, हिब्रूचं एक अक्षर मला येत नव्हतं अन आता पण चारपाचच ओळखू येतात. परभणी जिल्ह्यात गोदाकाठच्या एका गावात झेडपी शाळेवर गुरुजी आहे, दोन मास्तर, चार वर्ग. तरी पण मागचे सात-आठ महिने रात्रीचं जेवण झालं की मी सेफारिया नावाची, ज्यू लोकांच्या ग्रंथांची वेबसाइट उघडून बसायलोय, बायको म्हणती अहो ते उलटं लिहिलेलं काय बघत बसता, म्हणून म्हणलं एकदा नीट लिहूनच टाकावं की काय आहे अन कशासाठी आहे. रेटिंग ५ पैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढं येईलच.

मला ही साइट सापडली ससूनमुळं. आमच्या मराठवाड्यात ससून म्हणजे नुसतं दवाखान्याचं नाव नाही राव, "ससूनला हलवलं" एवढं कानावर आलं की शेजारच्या बायका देवापुढं दिवा लावतात. मावशीचं पोटाचं ऑपरेशन होतं, बाहेर सतरंजी टाकून चार रात्री काढल्या (ऑपरेशन बेस झालं, मावशी आता खुरपायला पण जायली). रात्री झोप येईना तर मोबाइलवर बघत बसलो की हा ससून होता तरी कोण. मला आयुष्यभर वाटायचं कोणीतरी इंग्रज साहेब असेल. तर हे डेव्हिड ससून म्हणजे बगदादचे ज्यू, १७९२ चा जन्म, तिथल्या राज्यकर्त्याच्या जाचाला कंटाळून निघाले ते १८३२ च्या आसपास मुंबईला आले, कापसात पैसा कमावला, अफूत पण कमावला (ते कोणी पाटीवर लिहीत नाही), दवाखान्याला मोठी देणगी दिली अन १८६४ ला पुण्यातच वारले. कॅम्पातलं लाल देऊळ म्हणतात ते त्यांनी बांधायला घेतलेलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १८६७ ला पुरं झालं, त्यांची कबर पण तिथंच आवारात आहे. दुसऱ्या दिवशी डबा आणायला गेलो तर रिक्षावाल्यानं बाहेरून दाखवलं, लाल विटांचा उंच मनोरा, एखाद्या चर्चसारखाच दिसतो.

तिथून मग एकातून एक उघडत गेलं. ज्यू म्हणलं की आपल्या लोकांना फक्त मोठे शेठ आठवतात, पण आपले मराठी बोलणारे ज्यू म्हणजे कोकणातले शनिवार तेली, बेने इस्रायल म्हणतात त्यांना. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून ते नाव पडलं. त्यांच्यातलेच हाईम सॅम्युअल केहिमकर, त्यांनी मुंबईत १८७५ ला समाजातल्या लेकरांसाठी इस्रायलाइट स्कूल काढली, तिला लंडनच्या अँग्लो-ज्युइश असोसिएशनची मदत यायची, अन पुढं कदूरी नावाच्या दुसऱ्या बगदादी घराण्याचा पैसा आला, हे तर हाँगकाँग अन शांघायला व्यापार करणारे. आज ती माझगावला सर एली कदूरी शाळा म्हणून आहे. १९४८ नंतर बहुतेक ज्यू कुटुंबं इस्रायलला गेली, आता वर्गात बसणारी लेकरं जवळपास सगळी दुसऱ्या समाजाची. भायखळ्याच्या जेकब ससून शाळेचं पण तेच, कोलकात्याच्या ज्युइश गर्ल्स स्कूलचं पण तेच. शाळा ज्यांच्यासाठी काढली ते गेले, शाळा राहिली, घंटा वाजायलीच. मला हे लई आवडलं. पण मी म्हणलं हे झालं जुनं, आज हे लोक शिक्षणावर पैसा कसा घालतात ते बघू, अन ते बघता बघता सेफारियावर येऊन पडलो.

सेफारिया काय आहे, तर ज्यू धर्मातले झाडून सगळे मोठे ग्रंथ, मूळ हिब्रू-अरामीत अन बऱ्याच ग्रंथांचं इंग्रजी भाषांतर शेजारी, सगळं फुकट. २०११ मध्ये जोशुआ फोअर नावाचे एक लेखक अन ब्रेट लॉकस्पायझर नावाचे गूगलमधून बाहेर पडलेले एक गृहस्थ, या दोघांनी सुरू केलं. संस्था ना-नफा, सगळा खर्च देणग्यांवर. उघडली की लगेच वाचायला लागा, लॉगिन नाही, ओटीपी नाही, जाहिरात नाही. ही साधी गोष्ट वाटती पण मला विचारा. मागच्या वर्षी मी एका ॲपवर आपलीच एक जुनी पोथी वाचायला घेतली होती, पहिल्यांदा मोबाइल नंबर मागितला, मग नव्याण्णव रुपये, अन अध्यायाला हात घातला की मधेच रमीची जाहिरात. संतांच्या ओवीवर पत्त्यांचा डाव. असो.

पहिल्या रात्री मी तालमूद उघडला. तालमूद म्हणजे काय हे एका वाक्यात सांगणं अवघड आहे, शेकडो वर्षांच्या वादविवादांचा ढीग समजा, कायदा आहे, गोष्टी आहेत, औषधं आहेत, भांडणं तर पानोपानी. गंमत म्हणजे पहिलं पान २ नंबरचं, १ नंबर नाहीच. अन सुरुवात कुठून, तर संध्याकाळची प्रार्थना कधीपासून कधीपर्यंत म्हणायची, एक म्हणतो रात्रीच्या पहिल्या प्रहरापर्यंत, दुसरे म्हणतात मध्यरात्रीपर्यंत, तिसरा म्हणतो पहाट फुटेपर्यंत चालतं. त्यावर लगेच गोष्ट, या तिसऱ्या रब्बींची (रब्बी म्हणजे ज्यू धर्मगुरू) पोरं जेवणावळीतून उशिरा घरी आली अन बापाला म्हणली आमची प्रार्थना राहिली, बाप म्हणाला पहाट झाली नाही ना, मग म्हणा आत्ता. हे वाचून मी एकटाच हसलो, वरातीतून रात्री दोनला येणारी आमची पोरं डोळ्यापुढं आली, फक्त त्यांना प्रार्थनेची आठवण होत नाही एवढाच फरक.

आता साइट चालती कशी ते. कोणत्या पण ओळीवर बोट ठेवलं की बाजूला एक पट्टी उघडती, त्यात त्या ओळीवर आजवर कोणी कोणी काय लिहिलं त्याची यादी, नावापुढं आकडा. रशी म्हणून अकराव्या शतकातले फ्रान्समधले भाष्यकार (१०४० ते ११०५), त्यांचं भाष्य, मग त्यांच्या नंतरच्यांनी त्यांच्यावर काढलेल्या शंका, मग ती ओळ बायबलमधल्या ज्या वचनावर उभी आहे ते वचन, अन त्या वचनावर दाबलं तर तिथून ते वचन आणखी कुठं कुठं आलंय ते. छापील तालमूदचं पान पण असंच असतं म्हणे, मधे मूळ, एका बाजूनं रशी, दुसऱ्या बाजूनं बाकीचे, १५२० च्या दशकात व्हेनिसला डॅनियल बॉम्बर्ग नावाच्या ख्रिश्चन छापखानेवाल्यानं पहिला पूर्ण तालमूद छापला तेव्हापासून ही ठेवण पक्की झाली. आपल्या सार्थ पोथीत अर्थ ओवीच्या खाली गप पडून असतो. इथं अर्थ मूळ मजकुराला चारी बाजूंनी घेराव घालून बसलेला.

आणखी एक लई कामाची गोष्ट. इंग्रजी भाषांतरात काही शब्द ठळक असतात अन काही साधे. ठळक म्हणजे मुळात आहे तेवढंच, साधं म्हणजे समजावं म्हणून भाषांतरकारानं पदरचं घातलेलं. तालमूदची मूळ भाषा टेलिग्रामसारखी तुटक आहे, नुसतं ठळक वाचलं तर डोक्यावरून जातं, दोन्ही मिळून वाचलं की कोणीतरी शेजारी बसून समजावून सांगायलंय असं वाटतं. कोणतं आपलं अन कोणतं ग्रंथाचं हे इतकं सरळ दाखवणारा माणूस मी आपल्या कीर्तन-प्रवचनात फार कमी बघितला. हिब्रू शब्द निवडला तर शब्दकोश पण उघडतो, मी त्याच्यावरच चार अक्षरं शिकलो.

आता मी ज्या पानावर अडकलो ते सांगतो, कारण मास्तर माणूस दुसरीकडं कुठं अडकणार. बावा बात्रा नावाचा भाग, पान २१. तिथं शाळेचा सगळा इतिहास दिलाय. पूर्वी बाप लेकराला शिकवायचा, ज्याला बाप नाही ते लेकरू तसंच राहायचं. मग जेरुसलेममध्ये मास्तर बसवले, तरी ज्याला बाप होता त्याला बाप घेऊन यायचा, नसलेल्याला कोण आणणार. मग प्रत्येक भागात मास्तर ठेवले, पोरं सोळा-सतरा वर्षांची घ्यायची, तर मास्तर रागावला की पोरगं लाथ झाडून निघून जायचं (हे वाचून मी नववी-दहावीच्या सरांना फोन लावला, म्हणलं सर तुमचा वर्ग सापडला). शेवटी येहोशुआ बेन गामला म्हणून पहिल्या शतकातले एक मुख्य पुरोहित आले, त्यांनी ठरवलं गावोगाव मास्तर अन लेकरं सहा-सात वर्षांची घ्यायची. सहा वर्षं. म्हणजे आपल्या पहिलीचंच वय.

मी त्या "बाप नसलेल्या" वाक्यावर लई वेळ थांबलो. आमच्याकडं दिवाळी झाली की कोयता निघतो, मायबाप सहा महिने कारखान्यावर, लेकरू एकतर सोबत जातं नाहीतर आजीपाशी राहतं. हंगामी वसतिगृह असतं तिथं ठीक, नसतं तिथं पटावर नाव अन वर्गात जागा रिकामी. बाप आहे, पण शाळेत आणायला बाप नाही. दोन हजार वर्षांपूर्वी कोणाच्या तरी हे लक्षात आलं होतं अन त्यानं उपाय काय काढला, तर बापाला उपदेश नाही केला, मास्तर गावात आणला.

त्याच पानावर पटाचा हिशोब आहे. एका मास्तरला पंचवीस लेकरं. पन्नास झाली की दुसरा मास्तर. चाळीस असली की एक मदतनीस, अन त्या मदतनीसाचा खर्च गावानं करायचा. आपल्या आरटीईत प्राथमिकला तीसाला एक. म्हणजे तालमूदवाले आपल्यापेक्षा पाचानं पुढं. लेकराला एका गावातून दुसऱ्या गावच्या शाळेत न्यायचं नाही हे पण तिथं आहे, गावातल्या गावात एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी चालतं, पण मधे नदी असली तर नाही, नदीवर पूल असला तर चालतं, अन नुसती फळी टाकलेली असली तर परत नाही. फळी! मी गोदाकाठचा माणूस आहे. जायकवाडीच्या फुगवट्याकडची लेकरं थर्माकोलच्या तराफ्यावर बसून शाळेत जायलीत ही बातमी अख्ख्या महाराष्ट्रानं वाचली अन विसरली. माझ्या पहिल्या शाळेवर पण ओढ्याला पाणी आलं की आम्ही पोरांना खांद्यावर घ्यायचो. कोणीतरी त्या फळीचा वेगळा नियम करून ठेवलाय हे बघून मला काय वाटलं ते नीट सांगता नाही यायचं.

अन एक वाक्य मी पाठच केलं. तिथं एक गुरू दुसऱ्या मास्तरला सांगतो, जो वाचतो तो वाचेल, जो वाचत नाही त्याला दुसऱ्याला सोबत म्हणून बसू दे. माझ्या तिसरीत एक पोरगं आहे, त्याला अजून काना-मात्रा लागत नाही, पण तो आला नाही तर त्याच्या शेजारचा हुशार पोरगा पण गप होतो. त्याला मी आजवर अप्रगत म्हणून लिहीत होतो. मारायचं तर चपलेच्या बंदापेक्षा जास्त कशानं मारू नको हे पण त्याच गुरूनं सांगितलंय, तेवढं आपल्या काळात सोडून द्या, बंदानं पण नको.

हे सगळं फुकट कसं काय, हा प्रश्न मला पहिल्याच आठवड्यात पडला, कारण फुकट म्हणलं की मराठवाड्यातला माणूस आधी शंका घेतो, मागून काय गळ्यात पडणार म्हणून. तर त्याची गोष्ट अशी. अदिन स्टेनसाल्ट्झ नावाच्या रब्बींनी १९६५ ला अख्खा तालमूद आजच्या हिब्रूत समजावून लिहायला घेतला, पुरा झाला २०१० ला. पंचेचाळीस वर्षं. आमच्याकडं पाझर तलाव पण एवढा वेळ घेत नाही (एखादा घेतो). त्याच्यावरून इंग्रजी आवृत्ती निघाली, छापील, विकत, जाडजूड खंड. मग अमेरिकेतल्या मिशिगनच्या विल्यम डेव्हिडसन यांच्या नावाच्या फाउंडेशननं पैसा घातला, हे डेव्हिडसन काचेच्या कारखान्याचे मालक होते, अन २०१७ ला ते भाषांतर सेफारियावर सगळ्यांसाठी खुलं झालं. नुसतं वाचायला नाही, त्याचं लायसन्स असं की धंदा न करता कोणी पण घ्या, वापरा, वाटा, श्रेय तेवढं द्या. साइटचा कोड पण उघडा आहे, दुसऱ्या कोणाला त्यावर आपलं ॲप बनवायचं असलं तर बनवू देतात.

इथं मला आमच्या शाळेचे पंखे आठवतात. आमच्या शाळेत पंखे सहा आहेत, सहाच्या सहा देणगीतले, प्रत्येकावर नाव. पात्यावर नाव टाकलं तर फिरताना वाचता येत नाही म्हणून एका दात्यानं मधल्या वाटीवर लाल ऑइल पेंटनं घालून घेतलं. एलईडी टीव्ही पण आला होता, डिजिटल वर्ग म्हणून, नारळ फुटला, शाल-टोपी झाली, फोटो पेपरात. तीन महिन्यांनी लाइट बिल थकलं म्हणून कनेक्शन कापलं अन टीव्ही आता सोलापुरी चादरीत गुंडाळून कपाटावर आहे. मी सरपंचाकडं गेलो, म्हणलं साहेब बिलाचं काहीतरी बघा, ते म्हणाले, "गुरुजी, पंखा अजून एक देतो की, बिलाचं नका सांगू, बिलावर नाव कुठं टाकणार?" माणूस वाईट नाही बरं का, खरंच देतो. पण पंखा देणारे लई अन बिल भरणारं कोणी नाही. शेवटी दोन मास्तरांनी खिशातून भरलं, दोनदा, तिसऱ्यांदा आम्ही पण थांबलो.

सेफारियावर देणगीदारांनी नेमकं ते बिल भरलंय. भाषांतर बाजारात होतंच, त्याचं कुलूप काढायला पैसा लागत होता. प्रोग्रामर लोकांचा महिन्याचा पगार लागतो, सर्व्हर लागतो, लाखो दुवे जोडायला अन चुका दुरुस्त करायला माणसं लागतात, यातल्या कशाचा पण फोटो पेपरात येत नाही. अन प्रामाणिकपणे सांगायचं तर नाव इथं पण आहे, त्या आवृत्तीचं नावच विल्यम डेव्हिडसन तालमूद, मी उघडतो तेव्हा दर वेळी दिसतं. मला काहीच खुपत नाही. पंखा फिरायलाय ना, मग वाटीवर नाव असेना का.

देण्याघेण्याचे नियम पण त्या बावा बात्रातच पान ८ वर सापडले, हे आपल्या लोकवर्गणीवाल्यांनी वाचावं असं आहे. गावात राहायला येऊन तीस दिवस झाले की अन्नछत्राची वर्गणी लागू, तीन महिने झाले की दानपेटीची, सहा महिन्यांनी कपड्यांची, नऊ महिन्यांनी मर्तिकाच्या खर्चाची, बारा महिन्यांनी गावकुसाच्या भिंतीची. अन दानपेटी गोळा करायला दोघं पाहिजेत, वाटायला तिघं. एकट्यानं गोळा करायची नाही. आमच्या गावात जत्रेची वर्गणी एकच माणूस गोळा करतो, तोच वाटतो, अन हिशोब विचारला की तोच रुसतो.

सेफारियाशिवाय बाकी कोण काय करतं ते पण चाळलं. पीजे लायब्ररी म्हणून एक आहे, हॅरॉल्ड ग्रिनस्पून नावाच्या मॅसॅच्युसेट्सच्या घरबांधणीवाल्यानं २००५ ला सुरू केलं, ज्यू घरातल्या लहान लेकरांना दर महिन्याला गोष्टीचं पुस्तक पोस्टानं घरी, फुकट. पीजे म्हणजे पायजमा, झोपताना वाचायचं म्हणून. कल्पना त्यांनी डॉली पार्टन या गायिकेच्या पुस्तकवाटपाच्या उपक्रमावरून घेतली, अन पुढं इस्रायलमध्ये हिब्रूत अन अरबीत पण तसंच निघालं. मला यात पोस्टमन आवडला, लेकराच्या नावानं घरी काहीतरी येतं. आमच्या गावात लेकराच्या नावानं फक्त आधार कार्ड येतं. दुसरं एक अवि चाय फाउंडेशन, १९८४ चं, त्यांनी ठरवलंच होतं की पैसा साठवून पिढ्यानपिढ्या संस्था चालवायची नाही, २०१९ च्या शेवटापर्यंत सगळं वाटून दुकान बंद, अन तसं केलं. संस्था बंद करायचा मुहूर्त आधीच काढणारा ट्रस्ट मी तरी आपल्याकडं बघितला नाही, इथं तर ट्रस्टी खुर्चीवरच म्हातारे होतात. जुन्यात जुनी म्हणाल तर पॅरिसची आलियान्स नावाची ज्यू संस्था, १८६० ची, पहिली शाळा १८६२ ला मोरोक्कोत तेतुआनला, अन तिथून बगदादपर्यंत शाळांची माळ. अन सेंट पीटर्सबर्गला १८८० ला निघालेली ओआरटी नावाची संस्था, ती हातकाम अन शेती शिकवायला, तिची शाखा मुंबईत पण आली. पण हे सगळं मी लांबून वाचलेलं, वापरलंय ते सेफारियाच, म्हणून स्टार तिलाच.

आता अडचणी, अन त्यातल्या बहुतेक माझ्याच. फोन जुना, चार वर्षांचा, बाजूची पट्टी उघडली की निम्मा स्क्रीन ती खाती अन मूळ मजकूर चार ओळींचा राहतो, तर हे काम कॉम्प्युटरवर किंवा टॅबवरच करावं. ॲपमध्ये पुस्तकं उतरवून बिननेटची वाचायची सोय आहे, आमच्या गावात नेट माळावरच्या लिंबाखाली येतं त्यामुळं मला ती पाहिजेच होती, पण लग्नाचे व्हिडिओ पुसल्याशिवाय फोनमध्ये जागा होईना, अन ते पुसायचं म्हणलं तर घरात महाभारत. तिसरं म्हणजे पसारा. पहिल्यांदा गेलेला माणूस दहा मिनिटांत हरवतो, मी पण हरवलो, वांग्याचा भाव बघायला मोंढ्यात गेलो अन हळदीच्या सौद्यात उभा राहिलो असं झालं. मला उपयोगी पडलं ते रोजच्या वाचनाचं कॅलेंडर. दाफ योमी म्हणून प्रकार आहे, रोज एक पान, जगभर सगळीकडं त्या दिवशी तेच पान, मेइर शापिरो नावाच्या रब्बींनी १९२३ ला सुरू केलेलं. एकूण २७११ पानं, साडेसात वर्षांत एक फेरी. आताची फेरी ५ जानेवारी २०२० ला सुरू झालीय. आपला सप्ताह सात दिवसांचा, यांचा साडेसात वर्षांचा. मी रोज नाही करत, खोटं कशाला बोलू, पण आज जगात सगळे कोणत्या पानावर आहेत ते उघडून बघतो, तेवढ्यानं पण बरं वाटतं.

अन तो अर्धा स्टार. साइटचं तोंड दोनच भाषांत, इंग्रजी अन हिब्रू. ग्रंथांची भाषांतरं आणखी काही भाषांत दिसतात, पण मी जे जे उघडलं त्यात मराठी दिसलं नाही. परक्या भाषेबद्दल मी तक्रार केली नसती, पण मराठी इथं परकी नाहीच हो. बेने इस्रायल लोकांची वल्हांडण सणाची पोथी, हागादा म्हणतात तिला, पुण्यात १८७४ ला हिब्रू अन मराठीत छापलेली आहे, त्यात चित्रं आहेत, बायका लुगडं नेसून खाली बसून बिनखमिराच्या भाकरी करायल्यात. ते चित्र मी नेटवर बघितलं तेव्हा मला आमच्या घरची चूल दिसली. ज्या भाषेत दीडशे वर्षांपूर्वी हे छापलं होतं ती भाषा या एवढ्या मोठ्या कपाटात नसावी, म्हणून अर्धा कापला. पण तो अर्धा स्टार मी त्यांचा कापला का आपला हे मला अजून ठरवता येईना, कारण भाषांतर करून द्यायला कोणीतरी मराठी माणूसच लागणार ना.

शेवटची सोय, मास्तर लोकांसाठी. शीट बनवता येतं. ग्रंथातल्या पाहिजे त्या ओळी उचलायच्या, त्याखाली आपले प्रश्न, आपली टिपणं आपल्या भाषेत टाकायची अन प्रिंट काढायची किंवा लिंक पाठवायची. यासाठी तेवढं खातं काढावं लागतं. मी एक शीट केलं, पान २१ वरचं सगळं, बाप नसलेलं लेकरू, पंचवीस-चाळीस-पन्नासचा हिशोब, फळीचा नियम, अन सोबत म्हणून बसू द्यायचं ते वाक्य, माझ्या मोडक्यातोडक्या मराठीत. खाली बेन गामलांचं नाव पण दिलं. गंगाखेडला झेरॉक्स काढली, शिक्षण परिषदेला सगळ्यांना एकेक वाटली. शेजारच्या मॅडमनी तिथल्या तिथं वाचली अन म्हणाल्या सर ते सोबतीचं वाक्य मला फलकावर लिहायचंय. केंद्रप्रमुख साहेबांनी चष्मा लावून दोनदा वाचली, पंचवीसाला एक मास्तर या ओळीखाली पेननं रेघ मारली, मला बाजूला घेतलं अन हळूच विचारलं, "गुरुजी, हा जीआर कोणत्या तारखेचा आहे?"